ठकूबाईचे अर्धे सूप

बेलसांगवीच्या ओढ्याकाठी, जुन्या कडुनिंबाखाली श्री लिंबराज महाराजांचा मठ होता. महाराज फार बोलत नसत. पण दारी आलेल्याला रिकामे पाठवणे त्यांना ठाऊकच नव्हते.

गावात ठकूबाई बुरूडीण सुपे-टोपल्या विणून पोट भरी. धनी गेलेला, पदरी एकुलती भागू. भागू शाळेत जाई, पण घरी अभ्यास कोण घेणार? ठकूबाईला अक्षर ओळखता येत नव्हते. एके दिवशी तिने महाराजांचे पाय धरले.

"म्हाराज, मला काईच येत न्हाई. पोरीला शिकवू कशी?"

महाराज हसले. "अगं, हेच तिला सांग. दिवेलागणीला म्हणायचं, मला येत नाही, मला शिकव. चुकली तर रागवायचं नाही. बस, ऐकत राहायचं."

तेव्हापासून रोज सांजेला झोपडीत परवचा होऊ लागला. ठकूबाई सूप विणता विणता म्हणे, "भागू, मला येत न्हाई गं. मला सांग." मग ती चिमुरडी बांबूच्या कामट्यांच्या जुड्या मांडून आईला पाढा समजावी. चुकली की कामट्याच तिची चूक दाखवीत. दोघी हसत आणि पुन्हा मांडत.

शाळेचे अनंततात्या पंतोजी एकदा त्या वाटेने चालले होते. विद्या छडीच्या टोकातून येते अशी त्यांची खात्री! ते दारात थबकले. "काय गं ठकू, लेकीकडून शिकतेस? अगं, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? परवा डिपुटीसाहेब परीक्षेला येताहेत. ही अडखळली, तर हिचं नाव काढून टाकीन. मग बसा दोघी टोपल्या विणत!"

ठकूबाईच्या काळजात चर्र झाले. पण लेकीपुढे ती एवढेच म्हणाली, "भिऊ नगंस. परीक्षेला मी शाळेच्या दारात बसंन."

आणि नेमके परीक्षेच्या सकाळी तिला तापाने गाठले! अंग फणफणले, उठवेना. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवणाऱ्या शेजारणीचा हात धरून ती रडू लागली. "म्हाराज, पोर माझी वाट बघंल हो! आता तुमीच बघा!"

इकडे शाळेत साहेबांनी भागूला उभे केले. "सात सात आंब्यांच्या बारा राशी. आंबे किती?"

भागूने दाराकडे पाहिले. दारात कोणी नव्हते.  तात्यांनी छडी टेबलावर आपटली, तशी तिने पाटी छातीशी घट्ट धरली. साहेब पुढच्या मुलाकडे वळणार, एवढ्यात दारातून हाक आली.

"भागू, मला येत न्हाई गं. मला सांग."

उंबऱ्याशी ठकूबाई सूप विणत बसली होती! भागू साहेबांना विसरली, छडीला विसरली. "आये, हे बघ," म्हणत तिने पाटीवर रेघांच्या जुड्या ओढल्या आणि मोजून खणखणीत आवाजात सांगितले, "चौऱ्याऐंशी!" मग साहेब विचारीत गेले आणि ती आईला समजावीत गेली.

साहेब प्रसन्न झाले. "घरी तुला कोण शिकवतं, बाळ?"

"कुणी न्हाई. मीच आयेला शिकविते."

साहेबांनी तिला वरच्या वर्गात घातले. तात्या मात्र मनात धुमसत होते. शाळेच्या दारात येऊन बसते म्हणजे काय? ते तरातरा बाहेर आले, तर उंबऱ्यावर फक्त अर्धे विणलेले सूप! ते उचलून तात्या थेट झोपडीवर गेले. पाहतात तो ठकूबाई तापात पडलेली. शेजारीण म्हणाली, "सकाळपासनं कूससुदिक बदलली न्हाई हो बाईनं. नुसता म्हाराजांचा धावा चाललाय."

ठकूबाईने कसेबसे डोळे उघडले. "तात्या, पोरीला आलं का हो?"

तात्यांनी मान डोलावली. ते सूप घेऊन मठाकडे धावले. निंबाखाली महाराज बसले होते आणि बोटात रुतलेली बांबूची बारीक फास काढत होते.

"आणलंत का?" महाराज म्हणाले. "अर्धंच राहिलं बघा. पुढचं विणायला मला येत नाही हो. ठकूला द्या, उद्या ताप उतरला की ती पुरं करील." मग हळूच म्हणाले, "पंतोजी, आडात तरी पाणी कुठून येतं? तळाशी मायेचा झरा लागतो."

तात्यांच्या डोळ्यांना धार लागली. काखेतली छडी गळून पडली. त्यांनी महाराजांच्या चरणांवर मस्तक ठेवले. उभ्या जन्मात कोणापुढे न काढलेले शब्द त्यांच्या ओठांवर आले.

"महाराज, मला येत नाही. मला शिकवा."