तपशील नाही

त्या राज्यात दोन तळी होती, एक डावे, एक उजवे. दोन्हींचे पाणी आपापल्या पाटाने खालच्या हौदात उतरे आणि हौदाच्या एकाच दारातून बाहेर पडे.

डाव्या तळ्याची राखण एका कासविणीकडे होती. काठच्या वाळूत तिची अंडी होती. एके दिवशी तळ्याचे पाणी चढू लागले. ती पाटाच्या कडेकडेने उतरत गेली, तर तिसऱ्या वळणावर बोराएवढा खडा रुतून बसलेला. तिच्याने तो हलवेना. खडा सुटेपर्यंत शेवाळ तोंडाला लावणार नाही, असा नेम तिने धरला आणि दप्तर गाठले.

दप्तरात बगळेबुवा बसत. त्यांच्या पेटीत कागदावर उमटवायच्या चाळीस मोहरा होत्या: डाव्याची, उजव्याची, खड्याची, गाळाची, दार आवळल्याची. सगळ्यांवर धूळ. एकच तेवढी वापरून वापरून गुळगुळीत झाली होती: 'पाणी अडले. तपशील नाही.'

"डावा पाट, तिसरं वळण, खडा," कासवीण म्हणाली. "एवढं लिहा ना, बुवा."

"अहो बाई, अडलं ते अडलं! पाण्याची जन्मपत्रिका मांडू का आता?" बुवांनी तीच मोहर उमटवली.

मोहर पाहून खणणारे खेकडे निघाले. कुठे खणायचे ते कागदावर नव्हतेच. ते सरळ हौदाच्या दाराशी गेले. तिथे उजव्या तळ्याचे पाणी येतच होते. 'वाहते आहे' असा शेरा मारून ते परतले.

कासवीण पुन्हा दप्तरात गेली.

"वाहतंय की! शेरा आहे."

"ते उजव्याचं हो, बुवा."

"शेऱ्यात डावं-उजवं कुठाय?"

"तेच तर सांगतेय मी!" आवाज चढला तशी तिने जीभ चावली, मनात देवाचे नाव घेतले.

तिसऱ्या खेपेलाही तीच मोहर उठली. उपाशीपोटी ती परतली तेव्हा पाणी अंड्यांपासून वीतभर अंतरावर आले होते. ती खळग्यापुढे आडवी बसली. कुणीतरी वाचेल, आज ना उद्या वाचेल, असे पुटपुटत राहिली. पाणी तिच्या पाठीवरून ओघळू लागले.

तोच सगळे राज्य कण्हले. डोंगर कुशीवर वळले. आभाळातून एक घामेजलेला हात उतरला आणि डाव्या तळ्यावरची जमीन त्याने घट्ट दाबून धरली. फार वरून एका बाईचा आवाज आला,

"इथं हो, डॉक्टर, डाव्या कुशीत... इथंच. चार महिने झाले सांगतेय."