नायकाने वाचलेला राजा

फार मागे, खाडीकाठच्या एका गावात गलबतं बांधली जात. तिथल्या सुतारांचा जुना नायक थकला, तेव्हा त्याने आपली जागा विसाजीला दिली. विसाजीचा हात चांगला होता, पण माणसांकडून काम कसं करून घ्यावं हे त्याला ठाऊक नव्हतं. ते शिकावं म्हणून तो गावातल्या शास्त्रीबुवांकडे गेला.

"बुवा, चांगला नायक कसं व्हावं, हे सांगणारी पुस्तकं असतील तर द्या."

शास्त्रीबुवांनी त्याला राजांच्या आणि सेनापतींच्या गोष्टी दिल्या. विसाजी मन लावून वाचू लागला. सकाळी काम सुरू होण्याआधी तो सुतारांना गोळा करी आणि वाचलेलं ऐकवी. सेनापतीच्या शब्दासरशी कडा चढणारे शिपाई त्याला फार आवडत. आळशी नोकराची गोष्ट आली की तो मध्येच थांबून कुणाकडे तरी बघे. सुतार मान खाली घालून ऐकत.

एकदा धाकू नावाचा सुतार त्याच्याकडे आला. "नायक, तळाच्या फळीला तडा गेलाय असं वाटतंय. नसेलही. पण एकदा खरवडून बघू या का?"

ज्याच्यासाठी हे गलबत बांधलं जात होतं, त्या मालकाला ते लवकर हवं होतं. विसाजी सगळ्यांसमोर म्हणाला, "कालच वाचलं ना आपण? काम टाळायचं असलं की माणसाला शंका सुचतात. फटीत लांबी भर आणि वरून रंग दे."

धाकूने लांबी भरली, रंग दिला. त्यानंतर विसाजीकडे कुणीच काही सांगायला येईना. कामाच्या जागी बोलणं थांबलं. विसाजीला वाटलं, वाचनाचा गुण येतोय, माणसं शिस्तीला लागली.

गलबत पाण्यात सोडायच्या आदल्या दिवशी तो एक पुस्तक परत करायला शास्त्रीबुवांकडे गेला. त्यातली एक गोष्ट त्याला भारी गमतीची वाटली होती. एका राजाला वाईट बातमी सहन होत नसे. सांगणाऱ्याला तो हाकलून देई. शेवटी शत्रू वेशीपाशी आला, तरी दरबारी 'सगळं ठीक आहे' असंच म्हणत राहिले.

"किती मूर्ख राजा," विसाजी हसत म्हणाला. "अगदी आमच्या मालकासारखा."

शास्त्रीबुवाही हसले. मग म्हणाले, "तुझ्या कानावर शेवटची वाईट बातमी कधी आली रे?"

विसाजी आठवू लागला. आठवता आठवता त्याचं हसू मावळलं. आजवर प्रत्येक गोष्टीत तो स्वतःला सेनापतीच्या जागी बसवत आला होता. मूर्खाची जागा नेहमी दुसऱ्या कुणाला तरी देत होता. तो उठला आणि तडक किनाऱ्यावर गेला.

"धाकू, ती फळी खरवडू या."

धाकू कचरला. "आता? उद्या भरतीला सोडायचंय."

"तू म्हणालास तेव्हाच बघायला हवं होतं. माझं चुकलं."

रंग निघाला, लांबी निघाली. तडा फळीच्या पार टोकापर्यंत गेला होता.

"आणखी कुणाला काही सांगायचंय?" विसाजीने विचारलं. एक म्हातारा सुतार हळूच म्हणाला, "सुकाणूही नीट बसलेलं नाही."

"मग सांगितलं का नाहीत, काका?"

म्हाताऱ्याने धाकूकडे बोट दाखवलं. विसाजीने पुन्हा विचारलं नाही.

मालक बायकामुलांसह त्याच गलबतातून निघणार होता. सामानही किनाऱ्यावर आलं होतं. तो संतापला. "कुणाची चूक ही? नाव सांग."

"माझी," विसाजी म्हणाला. "नायक बदलायचा तर बदला. पण गलबत असं पाण्यात जाणार नाही."

मालकाने त्या तड्याकडे पाहिलं, कडेवरच्या लेकीकडे पाहिलं आणि गड्यांना सामान परत न्यायला सांगितलं.

फळी बदलली, सुकाणू नीट बसवलं आणि मगच गलबत समुद्रात गेलं. पहिल्याच फेरीत त्याला वादळाने गाठलं. पण तळात पाणी शिरलं नाही आणि सगळी माणसं सुखरूप बंदराला लागली.

विसाजीने वाचन सोडलं नाही. फक्त सकाळी सुतारांना वाचून दाखवणं बंद केलं. त्या वेळात तो एकेकाजवळ जाई, "कुठे अडलंय?" असं विचारी आणि समोरचा बोलत असेतो गप्प उभा राही.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: पुस्तकातल्या मूर्खात ज्याला स्वतःचा चेहरा दिसतो, त्याचंच वाचन त्याच्या माणसांच्या उपयोगी पडतं.