धामणकोटच्या दारांना आतून कडी का नाही

"आतून कडी नाही म्हणजे काय?" नीरजानं पुन्हा विचारलं.

"नाही म्हणजे नाही," अंबूआक्का म्हणाली. "गावात कुणाच्याच दाराला नाही. आमच्याच काय म्हणून असेल?"

"मग रात्री दार लावायचं कसं?"

"ढकलायचं. लागतं."

"आणि कुणी आत आलं तर?"

"अगं, भूत बघायला आलात ना तुम्ही? मग ते येणार कुठून? कौलं काढून?"

मिथिलाला हसू फुटलं, पण नीरजाच्या चेहऱ्याकडे बघून तिनं ते गिळलं. नीरजा म्हणाली, "आजी, आम्हाला भूत हवंय. पण कडीच्या पलीकडे."

"आजी तुझ्या घरी. मला आक्का म्हण."

या दोघींच्या मध्ये अंबूआक्काचा भाचा दामू उभा होता. एका हातात ड्रिल मशीन, दुसऱ्या हातात तालुक्याहून आणलेली नवी कोरी पितळी कडी. त्याला दोघींचंही पटत होतं आणि म्हणूनच त्याची पंचाईत झाली होती.

धामणकोट हे घाटमाथ्यावरचं जुनं गाव. पडकी वेस, वेशीजवळ लाल पाण्याचं टाकं, आणि एक लांबच लांब गल्ली. गल्लीतल्या एकूणएक दाराला कडी आहे ती बाहेरून. आत हात फिरवाल तर नुसतं लाकूड. परका माणूस हे पाहतो आणि त्याच्या अंगावर काटा येतो. घरातलं काहीतरी बाहेर पडू नये म्हणून तर हे लोक बाहेरून कड्या घालत नसतील?

शहरातली नोकरी सुटून दामू गावी परतला, तेव्हा त्यानं हाच काटा विकायला काढला. 'भुतांच्या गावात दोन दिवस' अशी जाहिरात त्यानं मोबाइलवर टाकली. मावशीची गल्लीकडची खोली सारवली, गाद्या भरल्या, कंदील टांगले. नीरजा आणि मिथिला पुण्याच्या. त्यांच्या ऑफिसातली मोठी टोळी येत्या अवसेच्या शनिवार-रविवारी यायची होती, आणि या दोघी आधी येऊन सगळं ठरवणार होत्या: कुठे राहायचं, कुठे फिरायचं, कुठे घाबरायचं. त्यांनी हो म्हटलं तर दामूचं बस्तान बसणार होतं. नाही म्हटलं तर मावशीला एकटी सोडून पुन्हा शहराची वाट धरायची, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. मावशीला ते सांगितलं नव्हतं. तिला कळलं मात्र होतं.

"मावशी, एवढी एक लावू दे ना," तो म्हणाला. मग पाहुण्यांकडे वळून थोड्या अजिजीनं, "ती स्वभावानं तिखट आहे, पण मनानं तशी नाही हो. आई गेली तेव्हा मी एवढासा होतो. रात्री घाट चढून या दारात आलो, आणि आतून हिनं दार उघडलं. म्हणून मी आहे."

अंबूआक्का काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात दिवेलागण झाली. समोरच्या घरातून एका बाईचा आवाज आला, सावकाश, कुणाला तरी घरात बोलवावं तसा:

"ये गं सगुणे, उघडंच आहे."

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मग शेजारच्या घरातून तेच शब्द आले, एका म्हाताऱ्याच्या खरखरीत आवाजात. त्यापलीकडे एका लहान मुलीच्या आवाजात. आवाज गल्लीतून वेशीकडे सरकत गेले. नीरजानं मिथिलाचा दंड घट्ट धरला. अंबूआक्कानं उठून समईची वात सारखी केली, पदर डोक्यावर घेतला आणि दाराकडे तोंड करून म्हणाली, "ये गं सगुणे, उघडंच आहे."

मग ती खाली बसली. "बसा," म्हणाली. "भुताची यादी करायला आलात, तर आधी भूत कोण ते ऐका."

असं सांगतात, की धामणकोटात बाळोबा नावाचा लोहार होता. त्याची बायको चिमाबाई. त्यांची एकुलती एक लेक सगुणी घाटाखालच्या गावात दिली होती. त्या काळी घाटानं बैलांचे तांडे चढत, वेशीत उतरत, आणि बाळोबाच्या भट्टीवर दिवसभर नाल ठोकायचं काम चाले. लेक खाली, आईबाप वर. मध्ये घाट. तांड्याबरोबर निरोप जात, कधी पापडाची चवड जाई, कधी बोरं येत.

एका साली पटकीची साथ आली. ती घाटाखालून वर चढली. तांडे बंद झाले, आणि निरोपाच्या जागी वार्ता येऊ लागल्या. अमकं गाव उठलं, तमक्या गावात पाणी पाजायला माणूस उरलं नाही. भीती माणसाला शहाणपण देत नाही, नुसते कान देते. कुणीतरी म्हणालं, की मेलेलं माणूस तिन्हीसांजेला येतं आणि ओळखीच्या आवाजात हाक मारतं. ओ दिली की त्या घरात मरी शिरली. दार उघडलं की सगळं घर गेलं. कोण म्हणालं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण खरं सगळ्यांनाच वाटलं.

लोक बाळोबाकडे धावले. तोवर गावात दाराला आतून नुसता दांडा लावत, कुणी तोही लावत नसे. आता प्रत्येकाला लोखंडी कडी हवी होती. बाळोबाची भट्टी विझेना. त्यानं घरोघरी कड्या ठोकल्या, आणि सगळ्यांत जाड कडी आपल्या दाराला बसवली. दिवस मावळला की गावभर कड्या सरकल्याचा आवाज व्हायचा आणि मग सगळं चिडीचूप.

अशाच एका तिन्हीसांजेला बाळोबाच्या दारावर थाप पडली.

"आई, मी आलेय."

चिमाबाई ताडकन उठली. आईला लेकीचा आवाज ओळखायला काय लागतं? तिचा हात कडीवर गेला, तसा बाळोबानं तो धरला. तो वाईट नव्हता, हे ध्यानात ठेवा. लेकीवर त्याचा जीव होता. घाटाखालचं ते गाव अख्खं गेलं, अशी वार्ता सकाळीच आली होती. तो कुजबुजला, "ती आपली नाही. आपली गेली."

बाहेरून पुन्हा हाक आली. पुन्हा थाप. आणि मग, अगदी दाराला तोंड लावून बोलावं तशी, ती म्हणाली, "आई, नको उघडू. पण ओ तरी दे."

चिमाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. ओ दिली नाही.

सगुणी पुढच्या दारी गेली. तिथे काकी म्हणून हाक मारली. त्यापुढे मामा म्हणून. ज्या गल्लीत ती लहानाची मोठी झाली, त्या गल्लीतल्या प्रत्येक दाराला तिनं नात्यानं हाक घातली, आणि वेशीपाशी जाऊन तिचा आवाज थांबला. कड्या जागच्या हलल्या नाहीत. कड्या चांगल्याच झाल्या होत्या, लोहार कसबी होता.

उजाडलं तेव्हा लोकांना लेकराचं रडणं ऐकू आलं. ते भट्टीवरून येत होतं. अख्ख्या गावात दार नसलेली तेवढी एकच जागा. भट्टीतल्या राखेला अजून ऊब होती. त्या उबेला, लुगड्याच्या फाडलेल्या पदरात गुंडाळलेलं, तान्हं पोर होतं, चांगलं गुटगुटीत, भुकेनं लाल झालेलं. आणि भट्टीच्या तोंडाशी, वाऱ्याकडे पाठ करून, सगुणी आडवी झाली होती. जिथून वारा आत येईल ती फट तिनं आपल्या अंगानं बुजवली होती. तिला पटकी झालीच नव्हती, असं म्हणतात. ती नुसती दमली होती. थंडी होती, ओली बाळंतीण होती, आणि घाट चढून आली होती.

चिमाबाई रडली नाही म्हणे. तिनं पोर उचलून कडेवर घेतलं. नवऱ्याच्या हत्यारांतली पकड घेतली, घरी आली, आणि आपल्या दाराची कडी उपसून काढली. मग शेजारच्या दारी गेली आणि हात पुढे केला.

"कडी दे."

कुणी का म्हणून विचारलं नाही. कारण हाक प्रत्येकानं ऐकली होती.

एकटा पाटील म्हणाला, "चिमे, सगळ्यांनी कड्या काढल्या तर चोर शिरतील."

"शिरू देत," ती म्हणाली. "भांडीच नेतील ना?"

पाटलानं आपली कडी आपल्या हातानं काढून दिली.

त्या सगळ्या कड्या तिनं वेशीजवळच्या टाक्यात टाकल्या. बाळोबा त्यानंतर बोलेनासा झाला. पण त्यानं घरोघरी जाऊन दाराला बाहेरून कडी बसवली. घरी कुणी नसेल तर कुत्रं-मांजर शिरू नये, एवढ्यापुरती. आत बसलेल्या माणसाला मात्र बाहेरच्यावर दार बंद करता येणार नाही. आणि चिमाबाई, जिवात जीव होता तोवर, रोज दिवे लागले की नातवाला मांडीवर घेऊन दाराशी बसायची आणि त्या दिवशी न दिलेली ओ द्यायची. तिचं ऐकून शेजारीण देऊ लागली. मग सगळी गल्ली.

म्हणे सगुणी येतेसुद्धा. तिन्हीसांजेला दार जरासं किरकिरतं, बोटभर उघडतं. ती आत डोकावते, सगळे आहेत ना बघते, आणि पुढच्या दारी जाते. थंडीत पोरांनी लाथाडलेलं पांघरूण पहाटे अंगावर नीट घातलेलं दिसलं, तर धामणकोटची बाई नवऱ्याला विचारत बसत नाही. तिला माहीत असतं कुणी घातलं ते.

अंबूआक्का थांबली. मिथिला केव्हाची डोळे पुसत होती. नीरजा दाराकडे बघत होती, पण आता वेगळ्या नजरेनं. तरी ती प्रामाणिक पोरगी. म्हणाली, "आक्का, मला सगळं पटलं. पण आमच्यातल्या काही जणी कडीशिवाय झोपणारच नाहीत हो. त्या येणारच नाहीत."

दामूनं ते ऐकलं आणि त्याचा धीर सुटला. "मावशी, गोष्ट आपल्या जागी. मीही लहानपणापासून ऐकतोय. पण आता गावात पटकी नाही, धड वेस नाही, तांडे नाहीत. एका खोलीला एक कडी लावली तर सगुणीचं काय अडतं? तिला बाकीची सगळी गल्ली आहे की!" आणि त्यानं ड्रिल दाराला टेकवलं. "माझं इथे जमलं नाही तर मी जाईन. मग बस एकटी, उघडं दार घेऊन."

तोंडातून गेलं ते गेलं. एरवी अंबूआक्का अशा बोलण्याला जागच्या जागी सालटं काढणारी बाई. त्या दिवशी तिनं तसं केलं नाही. तिनं दाराच्या चौकटीवर हात ठेवला, जिथे कडी बसणार होती त्याच जागी.

आजही धामणकोटात दिवे लागले की गल्लीभर ओ दिली जाते. आजही टाक्याचं पाणी लालसर आहे, आणि पोटुशा लेकी माहेरी आल्या की त्यात बोट बुडवून कपाळाला लावतात. अंबूआक्काच्या खोलीत शहरातली माणसं येऊन राहतात. पहिल्या रात्री कुणीकुणी दाराला बॅगा टेकवून झोपतं, दुसऱ्या रात्री टेकवत नाही, आणि निघताना दिवेलागणीला दाराशी बसून तेही सगुणीला ओ देतात. दामू इथेच आहे. त्यानं आणलेली पितळी कडी टाक्याच्या तळाशी आहे. ऊन सरळ आलं की चमकते.

ती कडी त्यानं कुणी न सांगता, त्याच सांजेला, स्वतः नेऊन टाकली. कारण चौकटीवर हात ठेवून मावशी हळूच एवढंच म्हणाली होती:

"दामू, तू आलास त्या रात्री मी गाढ झोपले होते रे, दार मी उघडलंच नव्हतं."