जात्यांचा डोह

वेशीबाहेरचा हा डोह बघा, पाहुण्यांनो. वैशाखात पाणी खाली गेलं की तळाशी गोल गोल दगड दिसतात, मधोमध भोक, कडेला खुंट्याची खाच. जात्यांचे वरचे दगड आहेत ते. डोहाच्या अलीकडे आमचा पिंपळदरा, पलीकडे आंबेखोरं.

असं सांगतात की, फार पूर्वी पोळ्याला मानाचा बैल कुणाचा, एवढ्यावरून दोन्ही गावांत तलवारी निघाल्या, त्या चार वर्षं म्यानात गेल्याच नाहीत. आणि मुली तर एकमेकांत दिलेल्या! येसू आंबेखोऱ्याची, इथं शिदोजीला दिली; शिदोजीची बहीण गजरा तिकडे येसूच्या भावाला, हैबतीला. साटंलोटं. नणंद-भावजयीत धुसफूस असायचीच, कुठं नसते? पण चार वर्षांत भांडायलासुद्धा भेट नव्हती.

चौथ्या साली नागपंचमीच्या आदल्या दिवशी येसूला भावाचा उपवास होता. पहाटेच सासूनं पुढ्यात ज्वारीचं सूप सरकवलं. गडी आंबेखोऱ्यावर चालून जाणार, शिदोरी हवी. उपाशीपोटी येसू दळत राहिली. ओवीत भावाला आयुष्य मागायची, आणि पीठ पडायचं ते त्याच्यावर उठलेल्यांसाठी. तिला कळत नव्हतं असं नाही. पण सुनेनं नाही म्हणायचं कुणाला?

तिन्हीसांजेला शिदोजी परतला. खाली बघूनच म्हणाला, "हैबती पडला." शिदोरीचं फडकं त्यानं भुईवर ठेवलं. त्यात चतकोर उरलेला, वर येसूच्या बोटांचे ठसे.

येसू रडली नाही म्हणे. "मारला कुणी का असंना," ती म्हणाली, "बळ माझ्या भाकरीचं होतं."

तिनं चुंबळ केली आणि जात्याचा वरचा दगड डोक्यावर घेतला.

सासू कडाडली, "अगं ए, जातं कुठं नेतीस? उद्या काय माझ्या डोक्यावर दळशील?"

"दळायचंच न्हाई, आत्याबाई. माझा भाऊ गेला, तसं तुमच्या गजराचं कुंकू पुसलं."

म्हातारीच्या हे तोवर ध्यानातच आलं नव्हतं. ती दारातून बाजूला झाली.

येसू डोहावर आली, तर पलीकडच्या काठावर गजरा उभी. कपाळ मोकळं, डोक्यावर जात्याचा दगड. दोन्ही दगड पाण्यात गेले.

दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन बायांच्या डोक्यावर दगड चढवून दिले, ते येसूच्या सासूनंच. पलीकडेही तेच झालं. पेवात ज्वारी होती, पण पीठ चिमूटभर नाही. बायांनी घुगऱ्या शिजवल्या. घुगऱ्यांनी पोट भरतं, पण फडक्यात बांधल्या की दुपारपर्यंत आंबतात. त्या घेऊन लढाईला जाता येत नाही. पोळा आला. त्या वर्षी कुणाचाच बैल पुढे गेला नाही, आणि तलवारी आढ्याला गेल्या त्या गेल्याच.

हैबती काही परत आला नाही. येसूनं मात्र त्याचा उपवास जन्मभर धरला. कुणी विचारलं, "आता गं कुणासाठी?" तर ती डोहापलीकडे बोट दाखवायची. "तिकडं अजून लई जणींचे हायेत."

आजही नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमची गिरणी बंद असते. गडी-पोरं घुगऱ्या खातात, आणि पिंपळदऱ्याच्या बाया उपाशी राहतात ते आंबेखोऱ्याच्या भावांसाठी. वैशाखात दगड उघडे पडतात, पण त्यातला एकही आजवर कुणी घरी नेलेला नाही.