डबक्याभोवतीचा दोरा

हत्तीच्या राज्याचे एकविसावे वर्ष, पौष महिना, ज्वारी हुरड्यात आलेली. त्या राज्यात चोऱ्या थोड्या होत्या आणि साक्षीदार उदंड होते.

एका सकाळी रानकोंबडीचे अंडे नाहीसे झाले. कोंबडी ओरडायच्या आत मुंगसाचे नाव ठरले. कायदा असा होता, की ज्याने अंडे घालवले त्याने कोंबडीचे पुढचे अंडे फुटून पिल्लू निघेपर्यंत राखावे. याला अंड्याचे ऋण म्हणत. पण मुंगसाला अंड्याच्या राखणीला बसवणार कोण? म्हणून हत्तीने हुकूम सोडला : सूर्य मावळायच्या आत मुंगसाला नदीपार करा. मुंगसाच्या पिल्लांनी अजून डोळे उघडले नव्हते. नदी खोल होती.

"अंडी मला आवडतात, नाही कशाला म्हणू?" मुंगूस म्हणाले. "हे मात्र मी खाल्लेलं नाही."

"चोरही असंच म्हणतो," कोंबडा गरजला.

"आणि चोर नसेल तो कसं म्हणतो?"

कोंबड्याने तुरा हलवला आणि दुसरीकडे पाहिले.

त्या राज्यात आणखी एक रिवाज होता. ज्याच्या घरी संकट येई, त्याचे अंगण शेजारी झाडून देत. माकडांनी शेपट्यांनी अंगण झाडले. बदकांनी सडा घातला. खारींनी सांडलेली पिसे उचलून घरट्यात नीट लावली. सगळ्यांना फार बरे वाटले. अंगणाच्या कडेला एक गोल खळगा होता, त्यात सड्याचे पाणी साचले. बदकांची पोरे त्यात डुंबू लागली.

तपासाला करकोचा आला. कडेलाच एका पायावर उभा राहिला.

"दुसरा पाय दुखतो का, काका?" माकडाने विचारले.

"इथं एकच पुरे. तुमचे पाय मोजायला दिवस जाईल."

त्याने फांदीवर जाळे विणणाऱ्या कोळिणीकडून अंगणाभोवती दोरा बांधून घेतला. कासव आणि ससा यांना पंच नेमले. मग बदकांची पोरे बाहेर काढली आणि खळग्याभोवती वेगळा दोरा बांधायला सांगितले. माकडे हसून झाडावरून पडली.

"डबक्याला दोरा! आता ढगाला बेडी घाला, काका!"

तेवढ्यात कोतवाल कोल्हा धावत आला. त्याने तोंडातून कवचाचा तुकडा काढून ठेवला. "मुंगसाच्या बिळात सापडला. झालं काम!"

"कोणासमोर काढलास?"

"कोणासमोर नाही."

"इथवर कशात आणलास?"

"तोंडात. हात नाहीत मला."

"मग हे तुझ्या तोंडात सापडलं," करकोचा म्हणाला. "लिहून घ्यायचं तर तसंच घेईन. घेऊ?"

कोल्ह्याने तुकडा पटकन गिळून टाकला. ससा इतका हसला, की त्याला पंच असल्याची आठवण करून द्यावी लागली.

करकोच्याने खळग्याच्या कडेला चोचीने चर पाडला आणि चरावर कोळिणीचे जाळे धरले. पाणी जाळ्यातून गळून गेले. जाळ्यावर पिवळा बलक आणि कवचाचे तीन कण राहिले. ते पंचांना दाखवून त्याने पानाच्या पुडीत बांधले, वर डिंक लावला. डिंकावर सशाने पंजा उमटवला, कासवाने नख.

सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला. मुंगसाने एकेक पिल्लू तोंडात धरून नदीकाठी न्यायला सुरुवात केली.

तेव्हा हत्ती कोंबडीचे सांत्वन करायला आला. सगळे वाकले. त्याने दोऱ्यावरून पुढचा पाय उचलला.

"थांबा, महाराज," करकोचा म्हणाला.

राजाला थांबा म्हणायची त्या राज्यात पद्धत नव्हती. त्यामुळे राजाला काय करावे ते कळेना. पाय हवेतच राहिला.

"का रे?"

"आत जायचं नाही. कोणीच नाही."

"मीसुद्धा?"

"तुम्ही तर नाहीच. केवढं अंगण जाईल."

कासव पंच होते, आणि पंचाने सगळे पाहायचे असते. त्याने मान वर केली आणि ते हत्तीच्या उचललेल्या तळव्याकडे पाहू लागले. बराच वेळ पाहत राहिले.

"ससोबा, जरा वर बघ."

सशाने पाहिले. नखांच्या खाचेत वाळलेला बलक होता आणि त्यात कवच रुतले होते.

माकडे झाडावर परत चढली.

"महाराज," ससा चिरक्या आवाजात म्हणाला, "पाय खाली ठेवा."

"कुठं?"

"त्या खळग्यात. बसतो का, बघू."

हत्तीने कोंबडीकडे पाहिले. मग नदीकाठच्या मुंगसाकडे. काल संध्याकाळची फेरी त्याला आठवली. त्याने सावकाश पाय टेकवला.

"बसला," कासव म्हणाले.

फाल्गुनात कोंबडीने दुसरे अंडे दिले. हत्ती त्याच्याजवळ उभा राहिला. ऊन फिरे तसा तोही फिरे आणि सावली अंड्यावर ठेवी. अंग हलवायला त्याला भीती वाटे. मुंगूस येता-जाता त्याला विचारी, "महाराज, पाय कुठं आहे?" आणि हत्ती खाली बघून सांगे.

एका सकाळी कवच तडकले. ओले पिल्लू धडपडत बाहेर आले, त्या गोल खळग्यात उतरले आणि त्या सकाळच्या सड्याचे तळाशी साचलेले पाणी प्याले.

ऋण फिटले.