होडीचे बारसे

“‘तरंगिणी’त कमी काय आहे, स्वामी, एवढं तरी सांगा.”

त्र्यंबकराव आगटे यांचा स्वर विचारणाऱ्याचा नव्हता. जाब मागणाऱ्याचा होता.

स्वामी मठाच्या ओट्यावर बसून समईच्या वाती वळीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कमी काहीच नाही,” ते म्हणाले. “घरात पसंत का पडलं नाही?”

“हिला विचारा.”

हिला, म्हणजे मंदाकिनीबाईंना. त्या ओट्याखाली, खाडीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांपैकी अगदी वरच्या पायरीवर बसल्या होत्या. खाली पाण्यात एक नवी होडी बांधलेली होती. पांढरी शुभ्र, कडेने निळी रेघ, दोन माणसे ऐसपैस बसतील एवढीच. ती मासेमारीची नव्हती, माल वाहण्याची नव्हती. निव्वळ हौसेने फिरण्यासाठी केलेली होती. तिच्या पुढच्या टोकाशी नावापुरती जागा कोरी ठेवली होती.

त्र्यंबकराव म्हणजे वेळवणच्या हायस्कुलाचे निवृत्त मुख्याध्यापक. संस्कृतातला त्यांचा अधिकार पंचक्रोशीने मान्य केलेला. कुणाकडे पाळणा हलला की बारशाआधी माणूस त्यांच्या दारी येई, आणि त्यांनी सुचवलेले नाव नाकारण्याची कुणाची छाती होत नसे. नाकारणारी पहिली व्यक्ती त्यांच्याच घरात निघाली होती.

होडी बांधवून घेतली होती तीही तिच्यासाठीच.

बाईंचे माहेर खाडीपलीकडचे. लहानपणी थोरल्या भावाबरोबर, बापूबरोबर, त्या तासन्‌तास वल्ही मारीत असत. गेल्या माघात बापू गेले. तेव्हापासून बाई घरात असून नसल्यासारख्या झाल्या. कामे सगळी वेळच्या वेळी. बोलणे मात्र विचारल्यापुरते. त्र्यंबकरावांनी पोथी वाचून दाखवली, देवदर्शनाला नेले, एकदा तर स्वतः भजी तळली आणि करपवली. बाईंनी ती निमूटपणे खाल्ली. त्या हसल्या असत्या तर त्यांना बरे वाटले असते.

होडी पाहिली तेव्हा मात्र बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले होते. त्र्यंबकरावांनी ते टिपले होते. पण पाऊल टाकायची वेळ आली तेव्हा बाई थबकल्या आणि म्हणाल्या, “आधी तिचं नाव ठरू दे.”

ते ठरत नव्हते. उद्या नारळी पौर्णिमा, आणि होडी अजून धक्क्यालाच.

“काय माई,” स्वामींनी खाली पाहत विचारले, “तरंगिणी का नको?”

“पाटीवर शोभेल,” बाई म्हणाल्या. “हाक मारणाऱ्याला धाप लागेल.”

“मत्स्यगंधा?”

“वास येईल.”

“वारुणीही सुचवलं होतं मी,” त्र्यंबकराव मध्येच म्हणाले. “वरुणाची, म्हणून.”

“दारूला म्हणतात तसं.” बाई पाण्याकडेच पाहत होत्या. “शिकवणीच्या मुलांना तुम्हीच सांगत होतात. मी माजघरात ऐकलं होतं.”

स्वामींच्या दाढीत हसू हलले. त्र्यंबकरावांच्या चेहऱ्यावर ते उमटले नाही.

“आता आपणच एखादं नाव द्यावं,” ते म्हणाले. “आपला शब्द ती मोडणार नाही.”

एवढे बोलून ते थांबले. याउपर त्यांच्यापाशी दुसरा उपाय उरलेला नव्हता. होडीनेही जमले नाही, तर उरलेले आयुष्य त्या स्वच्छ, नीटनेटक्या, मुक्या घरात काढायचे होते. हे त्यांनी स्वामींना सांगितले नाही. पण उपरण्याचे टोक बोटाभोवती गुंडाळले जात होते, ते त्यांचे त्यांनाही कळत नव्हते.

“मास्तर,” स्वामी म्हणाले, “आजवर तुम्ही इतकी नावं दिलीत. त्यांतलं सर्वांत चांगलं कोणतं?”

त्र्यंबकरावांना विचार करावा लागला नाही.

“मंदाकिनी.”

“हे केव्हा दिलंत?”

“लग्नात.” त्यांची पाठ ताठ झाली. “चांदीच्या ताटात तांदूळ पसरले होते. अंगठीनं लिहिलं. मांडवात मोठमोठे शास्त्री बसले होते, त्यांनीसुद्धा माना डोलावल्या. स्वर्गातली नदी, स्वामी. ऐकणाऱ्याचा कान तृप्त होतो.”

“त्याआधी त्या कोण होत्या?”

त्र्यंबकरावांनी खांद्यावरचे उपरणे सारखे केले.

“विसरलात?”

“विसरलो नाही.” त्र्यंबकरावांचा आवाज उतरला. “घरगुती नाव होतं. आमच्या घरात ते चालण्यासारखं नव्हतं.”

“बदलताना विचारलं होतंत?”

“कुणाला?”

स्वामी वात वळीत राहिले.

खाडीवर वारा नव्हता. त्र्यंबकरावांना आपला प्रश्न आपल्याच कानांनी पुन्हा ऐकू आला, आणि तो कानाला तृप्त करणारा नव्हता.

“तशी पद्धत नव्हती, स्वामी,” ते घाईने म्हणाले. “त्या काळी कुणीच विचारीत नसे.”

“खरं आहे.” स्वामींनी वात खाली ठेवली. “माझंही नाव बदललं आहे. दीक्षेच्या वेळी गुरूंनी विचारलं, जुनं टाकवेल का? मी म्हटलं, थोडा वेळ द्या. पावसाळा सरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही.”

मग ते उठले आणि आत गेले.

आतून डब्याचे झाकण वाजले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पितळेची परात होती, आणि परातीत तांदूळ.

त्र्यंबकरावांना हायसे वाटले. म्हणजे नाव सुचले होते तर. ते बोटातली अंगठी काढू लागले. बोटे सुजट झाली होती. अंगठी निघता निघेना.

स्वामी त्यांच्याजवळून पुढे गेले. ओटा उतरून त्यांनी परात बाईंपुढे ठेवली आणि हाताने तांदूळ सारखे केले.

“माई, तुम्ही लिहा.”

बाईंनी वळून नवऱ्याकडे पाहिले. परवानगी मागणारी ती नजर त्र्यंबकरावांना जन्माची ओळखीची होती. आज पहिल्यांदाच त्यांना तिची लाज वाटली. काय लिहिले जाणार हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी मान हलवून होकार दिला.

बाईंनी अंगठी मागितली नाही. बोटानेच लिहिले. अक्षर शाळकरी होते, जरा उजवीकडे कललेले.

धोंडू.

त्र्यंबकरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“बापूच्या पाठची भावंडं जगत नव्हती,” बाई स्वामींना सांगू लागल्या. बऱ्याच दिवसांत त्यांनी इतके सलग वाक्य उच्चारले नव्हते. “मग मी झाले. आईनं दगडाचं नाव ठेवलं. म्हणाली, दगडाला दृष्ट लागत नाही. दगड कुणी उचलून नेत नाही.”

त्यांनी तांदळातल्या अक्षराची कड बोटाने नीट केली.

“मी जगले.”

हे त्र्यंबकरावांनी कधी ऐकले नव्हते. कारण त्यांनी कधी विचारले नव्हते. नाव गावंढळ आहे, शास्त्र्यांपुढे उच्चारवणार नाही, एवढेच त्यांना दिसले होते. एका आईने ज्या नावाच्या आडोशाला लेक लपवली होती, ते त्यांनी ताटभर तांदळांनी बुजवून टाकले होते, आणि वर पेढे वाटले होते.

“तुम्ही दिलेलं वाईट नव्हतं हो,” बाई आता त्यांच्याकडे वळून म्हणाल्या. “छान आहे. मला आवडतंसुद्धा. पण बापू धोंडूच म्हणायचा. तो होता तोवर माझ्याजवळ दोन्ही होती. आता त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही.” त्यांनी पदराने नाकाचा शेंडा टिपला. “उद्या राखी आहे.”

त्र्यंबकरावांनी उद्याचा नारळ आणून ठेवला होता. त्याला हळदकुंकू लावायचे, हेही त्यांच्या ध्यानात होते. राखी मात्र त्यांच्या ध्यानात नव्हती.

ते ओटा उतरून बाईंच्या शेजारी पायरीवर बसले. धोतर मळेल, हा विचार त्यांच्या मनात आला नाही.

“हेच,” ते म्हणाले. “होडीचं नाव हेच. रंगाऱ्याला आत्ता जाऊन सांगतो. लांबून वाचता येईल अशा अक्षरांत.”

“दगडाच्या नावाची होडी?” बाई म्हणाल्या. “बुडेल म्हणतील लोक.”

“म्हणू देत.”

“मास्तरांची बुद्धी फिरली म्हणतील.”

“तेही म्हणू देत. निवृत्त झालोय मी.”

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. ते मनापासून बोलत आहेत, अशी त्यांची खात्री झालेली दिसली. तरी त्यांनी मान हलवली.

“होडीला नको.”

“मग?”

बाईंनी परातीवरून तळवा फिरवला. अक्षरे पुसली गेली. तांदूळ पुन्हा नुसते तांदूळ झाले.

“तुम्ही हाक मारा.”

त्र्यंबकरावांनी मदतीच्या आशेने स्वामींकडे पाहिले. स्वामी पलीकडच्या काठावरची खारफुटी न्याहाळीत होते.

हाक...

घरात ‘अगं’ पुरत असे. चारचौघांत ‘आमच्या घरातून’. ज्या नावाचा आयुष्यभर अभिमान बाळगला, त्या नावानेही आपण हिला एकदासुद्धा हाक मारलेली नाही, हे त्र्यंबकरावांच्या लक्षात आले. ते उच्चारले शेजाऱ्यांनी, पोस्टमनने आणि इस्पितळातल्या नर्सबाईंनी.

त्यांनी घसा साफ केला.

“धोंडू,” ते म्हणाले. शब्द मिशांतच अडकला.

“ऐकू आलं नाही,” बाई म्हणाल्या.

“मास्तर,” स्वामी खारफुटीकडेच पाहत म्हणाले, “मागच्या बाकापर्यंत पोहोचू द्या.”

त्र्यंबकरावांनी डोळे मिटले. शाळेच्या पटांगणावर पोरांना पांगवणारा जुना आवाज त्यांच्या छातीतून वर आला, आणि खाडीच्या पलीकडच्या काठाला लागून परत आला.

“धोंडू.”

चिखलातला बगळा उडाला.

“ओ,” बाई म्हणाल्या.

आणि हसू लागल्या. आधी ओठांतल्या ओठांत, मग खांदे हलू लागले, मग डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ते हसण्याचे की कशाचे, हे त्र्यंबकरावांना कळले नाही आणि कळून घ्यावेसेही वाटले नाही. माघापासून छातीवर बसलेले ओझे कुणीतरी न बोलता उचलून बाजूला ठेवावे, तसे त्यांना झाले. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. पाण्याला शेवाळाचा वास होता, आणि तो त्यांना फार चांगला वाटला.

“पुन्हा मारू?” त्यांनी विचारले.

“आता नको. लोक धावत येतील.”

बाई उठल्या. निऱ्या वर खोचून शेवटच्या पायरीपर्यंत गेल्या. होडी एकदा हाताने डुलवून पाहिली आणि कुणाचा आधार न घेता आत उतरल्या. वल्ही त्यांनी अशी उचलली, की जणू काल संध्याकाळीच खाली ठेवली होती.

“या,” त्या म्हणाल्या. “आणि हलू नका. मुख्याध्यापक होतात ते शाळेत.”

“मला पोहता येत नाही, ठाऊक आहे ना?”

“म्हणूनच म्हणते, हलू नका.”

त्र्यंबकराव वहाणा हातात घेऊन उतरले आणि दोन्ही कडा घट्ट धरून समोरच्या फळीवर बसले. होडी कलली, सावरली. त्यांची टोपी तिरकी झाली होती. ती सरळ करायला हात मोकळा नव्हता, आणि त्याचेही त्यांना काही वाटले नाही.

स्वामींनी दोर सोडला. तेवढ्यात त्र्यंबकरावांना आठवले.

“स्वामी, होडीचं नाव राहिलंच की.”

स्वामींनी पाय टेकवून होडीला पाण्याकडे लोटले.

“राहू द्या,” ते म्हणाले. “होडी कुठं ओ देणार आहे?”