जिराफिणीचा सत्कार

त्या विस्तीर्ण गवताळ राज्यात सिंह पुष्कळ होते, तरी जिवाची काळजी फारशी कुणी करत नसे. कारण बाभळीपाशी एक जिराफीण उभी असे. तिला आवाज नव्हता. दूरच्या गवतात सिंह दिसला की ती पुढचा खूर दाणदाण आपटायची आणि सगळी जनावरं धूम ठोकायची. सदोबा नावाचा लंगडा झेब्रा तर तिच्याच जिवावर म्हातारा झाला होता. तो तिच्या पायाशी चरायचा, म्हणून सगळ्यांच्या आधी पळायला लागायचा.

अशा थोर व्यक्तीचा अजून सत्कारच झालेला नाही, हे एका दुपारी रानरेड्याच्या लक्षात आलं. हा रेडा प्रत्येक कार्यक्रमाचा अध्यक्ष असे, कारण त्याला उठवायची कुणाची छाती नव्हती. लगेच समिती झाली. वाळवीचं वारूळ व्यासपीठ ठरलं, वेलींचा हार झाला, बबून माकडानं मानपत्र पाठ केलं. सदोबा लंगडत येईपर्यंत पुढची जागा भरली, तेव्हा तो शेवटच्या रांगेत आनंदानं उभा राहिला.

हार मात्र कुणाला जिराफिणीच्या गळ्यात घालता येईना.

"ताई, जरा वाकावं लागेल," रेडा म्हणाला.

जिराफिणीला वाकायचं तर पुढचे पाय फाकवावे लागतात. बिचारी फार लाजली, पण एवढ्या प्रेमानं बोलावल्यावर नाही कसं म्हणणार? तिनं पाय फाकवले, मान पार जमिनीला लावली. हार पडला. ती उठू लागली तसा रेडा कुजबुजला, "मानपत्र होईपर्यंत अशाच राहा. बरं दिसतं."

खालून तिला नुसते पायच दिसत होते. खुरांच्या त्या गर्दीपलीकडे, शेवटच्या रांगेमागे, बिनखुरांचे चार पिवळे पाय हळूहळू येत होते. सदोबा! शेवटच्या रांगेत तोच तर उभा होता. धडपडत, लटपटत तिनं एक पाय कसाबसा उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून आपटला.

"वा! ताईंनीच सुरुवात केली!" रेडा ओरडला.

त्या राज्यात टाळ्याही खुरांनीच वाजवत. सगळा माळ दणाणून गेला. जिराफीण आपटत राहिली, सभा आणखी जोरात आपटत राहिली, आणि बबूनचा आवाज चढला, "बंधुभगिनींनो, यांच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही!"

सदोबाचे डोळे भरून आले. शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिल्याचं त्याला जाणवलं. व्यासपीठावरची नजर न काढता तो थोडा बाजूला सरकला.

"या, या," तो म्हणाला. "इथून छान दिसतं."